कारच्या मागे घर : मागच्या स्प्रिंगा कडक केल्याने काय साधते, काय साधत नाही

ब्रिटनमध्ये उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या की रस्त्यांवर एक दृश्य हमखास दिसते. साधी घरगुती कार आणि तिच्या मागे जोडलेले, दोन चाकांवर चालणारे छोटेसे घर. आत झोपायला बाक, स्वयंपाकाचा गॅस, पाण्याची टाकी. या घराला कॅरव्हान म्हणतात. निव्वळ हौसेच्या प्रवासासाठी अशी गाडी प्रथम बांधून घेतली ती डॉ. विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी, १८८५ साली ब्रिस्टलमध्ये. ती घोडे ओढत असत. पहिल्या महायुद्धानंतर, १९१९ च्या सुमारास बर्मिंगहॅमच्या एकल्स कंपनीने मोटारीमागे ओढायच्या कॅरव्हान बनवायला सुरुवात केली आणि घोड्यांची जागा कारने घेतली.

घोड्याला स्प्रिंगा नव्हत्या, कारला आहेत. कॅरव्हान जोडली की कारची शेपटी खाली बसते आणि नाक वर उचलले जाते. हे पाहून मालकाच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की मागच्या स्प्रिंगा कमजोर आहेत, त्या कडक करून घ्याव्यात. बाजारात त्यासाठी जाड तारेच्या स्प्रिंगा, रबरी ठोकळे, हवेच्या पिशव्या असे बरेच काही मिळते. ते बसवले की कार पुन्हा ताठ उभी राहते आणि मालक निश्चिंत होतो. पण ताठ उभी राहिलेली कार सुरक्षित झालेली असतेच का? या प्रश्नाचे उत्तर नववी-दहावीच्या पुस्तकातील तरफ, हूकचा नियम आणि त्याच्या पुढची थोडीशी आंदोलने एवढ्या सामग्रीवर देता येते. आपण ते टप्प्याटप्प्याने शोधू या.

धुरजड आणि उलाळ

एका आसाची कॅरव्हान म्हणजे तत्त्वतः आपली बैलगाडीच. दोन चाके मधोमध, आणि पुढे निघालेला दांडा. बैलगाडीत माल पुढे जास्त भरला तर जू बैलांच्या मानेवर दाबते; अशा गाडीला शेतकरी 'धुरजड' म्हणतात. माल मागे जास्त झाला तर जू वर उचलले जाते. ती गाडी 'उलाळ'. चांगला गाडीवान गाडी किंचित धुरजड भरतो.

कॅरव्हानचा नियमही तोच आहे. तिच्या दांड्याचे टोक कारच्या मागे बसवलेल्या पोलादी गोळ्यावर टेकते. त्या टोकाने गोळ्यावर पडणाऱ्या भाराला आपण 'नाकभार' म्हणू. ब्रिटनमध्ये सर्वसाधारण सल्ला असा दिला जातो की नाकभार हा भरलेल्या कॅरव्हानच्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. म्हणजे १२०० किलोग्रॅमच्या कॅरव्हानचा नाकभार ६० ते ८४ किलोग्रॅम. आपण आपल्या गणितासाठी ७५ किलोग्रॅम धरू.

येथे विद्यार्थी साहजिकच विचारतील, की पाठीमागे १२०० किलो असताना कारवर फक्त ७५ किलो? होय. उरलेला भार कॅरव्हानची स्वतःची चाके उचलतात. आणि ७५ किलो म्हणजे मागच्या बाकावर बसलेला एक माणूस. मग एवढ्याने कार वाकते कशी? कारण हा माणूस बाकावर बसलेला नसून कारच्या शेपटीच्या टोकावर बसलेला आहे.

७५ चे १०४ कसे होतात

समजा, कारच्या पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.६ मीटर आहे आणि गोळा मागच्या चाकांच्या १ मीटर मागे आहे. पुढच्या चाकांना टेकू मानून आघूर्ण काढू. गोळ्यावरचा भार टेकूपासून ३.६ मीटरवर आहे, तर मागची चाके २.६ मीटरवर.

मागच्या चाकांवर वाढणारा भार = ७५ × ३.६ ÷ २.६ = सुमारे १०४ किलोग्रॅम.

भार ठेवला ७५, पण मागच्या चाकांवर वाढले १०४! मग वरचे २९ किलो आले कोठून? ते पुढच्या चाकांवरून आले. शेपटी दाबली म्हणजे मागची चाके टेकू होतात आणि पुढचा भाग वर उचलला जातो, पुढच्या चाकांवरचा भार २९ किलोने कमी होतो. बेरीज करून पाहा: १०४ वजा २९ म्हणजे ७५. हिशोब चोख आहे.

आता सुट्टीवर निघालेले कुटुंब डिकी रिकामी ठेवत नाही. समजा, डिकीत ८० किलो सामान आहे आणि त्याचे गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या ०.३ मीटर मागे आहे. वरच्याच रीतीने मागच्या चाकांवर आणखी सुमारे ८९ किलो वाढतात, पुढचे ९ किलो कमी होतात. एकूण जमाखर्च असा: मागे १९३ किलोची वाढ, पुढे ३८ किलोची घट.

ही घट विसरण्यासारखी नाही. वळवण्याचे काम पुढची चाके करतात. ब्रेक लावल्यावर रोखण्याचा मोठा वाटाही त्यांचाच. आणि आजच्या बहुतेक छोट्या कारमध्ये इंजिनाची ओढही पुढच्याच चाकांना दिलेली असते. ही तिन्ही कामे चाक आणि रस्ता यांमधील घर्षणावर चालतात, आणि घर्षण चाकावरच्या भारावर अवलंबून असते. मालकाला शेपटी खाली गेल्याचे दिसते. पुढची चाके हलकी झाल्याचे दिसत नाही.

हूकचा हिशोब

स्प्रिंग किती दबेल हे भाराच्या प्रमाणात ठरते, हा रॉबर्ट हूकचा नियम. हूकने तो १६७६ साली अक्षरांचा क्रम उलटसुलट करून कोड्याच्या रूपात छापला आणि १६७८ साली उलगडून सांगितला. समजा, आपल्या कारच्या मागच्या दोन्ही स्प्रिंगा मिळून १ मिलिमीटर दबायला ४० न्यूटन बल लागते. १९३ किलोचा भार म्हणजे सुमारे १८९५ न्यूटन. त्याला ४० ने भागले की मागची बाजू ४७ मिलिमीटर खाली बसते. पुढच्या स्प्रिंगाही तेवढ्याच कडक धरल्या तर पुढची बाजू सुमारे ९ मिलिमीटर वर उचलली जाते.

म्हणजे २.६ मीटर लांबीत ५६ मिलिमीटरचा उतार. दर १० मीटरला सुमारे २२ सेंटिमीटर. याचे परिणाम काय?

पहिला परिणाम दिव्यांवर. समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून मंद दिव्याचा झोत सुमारे १ टक्का खाली, म्हणजे १० मीटरवर साधारण १० सेंटिमीटर खाली, वळवलेला असतो. आपल्या कारने तो २२ सेंटिमीटर वर उचलला. आता तो आडव्या रेषेच्याही १२ सेंटिमीटर वर जातो आणि थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांकडे निघतो. पुष्कळ कारमध्ये झोत खालीवर करण्याची छोटी चकती असते, ती याचसाठी.

दुसरा परिणाम स्प्रिंगच्या उरलेल्या चालीवर. स्प्रिंगला दबायला जागा असते ती काही सेंटिमीटरच. त्यांतले जवळजवळ पाच उभ्या उभ्याच खर्च झाले, तर खड्ड्यात चाक जाताच स्प्रिंग पुरती मिटते, आस रबरी थांब्यावर आदळतो आणि धक्का सरळ सांगाड्याला बसतो.

तिसरा परिणाम गोळ्याच्या उंचीवर. गोळा आसाच्याही मागे असल्याने तो ४७ नव्हे, तर सुमारे ६९ मिलिमीटर खाली जातो आणि कॅरव्हानचे नाक खाली झुकते. युरोपात भरलेल्या कारच्या गोळ्याची उंची जमिनीपासून ३५० ते ४२० मिलिमीटर असावी असा नियम आहे. ही सगळी मुभाच ७० मिलिमीटरची. आपल्या कारने तेवढी जवळजवळ पूर्ण वापरली.

तेव्हा मागची बाजू सावरणे आवश्यक आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो कशाने, आणि किती.

कडकपणा आणि उंची या दोन वेगळ्या गोष्टी

गुंडाळीच्या स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. १२ मिलिमीटरच्या तारेऐवजी १३ मिलिमीटरची तार घेतली आणि बाकी सारे तेच ठेवले, तर कडकपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. एका मिलिमीटरचा केवढा हा प्रताप! उलट, वेढ्यांची संख्या कमी केली की त्याच प्रमाणात कडकपणा वाढतो. वेढ्यांमध्ये रबरी ठोकळे अडकवण्याची स्वस्त युक्ती यावरच चालते. ठोकळ्याने एकदोन वेढे निकामी केले की उरलेली स्प्रिंग कडक होते. पण काम करणारे वेढे कमी झाल्याने त्याच चालीसाठी प्रत्येक वेढ्याला जास्त पिळावे लागते आणि स्प्रिंग तुटण्याचा संभव वाढतो.

आता समजा आपण रिकाम्या कारची उंची न बदलता ५० टक्के जास्त कडक, म्हणजे ६० न्यूटनला १ मिलिमीटर दबणारी, जोडी बसवली. तोच भार आता तिला ३२ मिलिमीटर दाबतो. ४७ चे ३२ झाले. शून्य झाले नाहीत! कार पूर्ण सपाट हवी असेल तर स्प्रिंगची लांबीही वाढवावी लागेल, आणि मग कॅरव्हान सोडल्यावर रिकामी कार शेपटी वर करून फिरेल.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. जुन्या कारची मागची बाजू बसली की 'स्प्रिंग नरम झाली' असे म्हणतात. पोलादाची लवचिकता वयाने घटत नाही, त्यामुळे स्प्रिंगचा कडकपणा जवळजवळ तोच राहतो. वर्षानुवर्षे भाराखाली राहून तिची मूळ लांबी थोडी घटते, म्हणून कार खाली दिसते. अशा वेळी मूळच्याच मापाची नवी स्प्रिंग पुरते.

आंदोलनांचा प्रश्न

स्प्रिंगवर ठेवलेले वजन डोलते. त्याची वारंवारता कडकपणा भागिले वस्तुमान याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. मागच्या स्प्रिंगांवर एरवी ४५० किलो भार धरला तर कार सेकंदाला सुमारे १.५ वेळा डोलते. माणसाला हे सुखाचे वाटते. १९३ किलो वाढल्यावर ती १.२५ वेळा, म्हणजे संथ आणि मोठ्या झोल्यांनी डोलते. ५० टक्के कडक स्प्रिंगा घातल्या की भरलेली कार पुन्हा १.५ वर येते. पण सुट्टी संपल्यावर तीच कार रिकामी चालवली की १.८ पेक्षा जास्त वेळा डोलते आणि प्रत्येक खडा पाठीला कळतो. वर्षातले पंधरा दिवस सावरायचे म्हणून उरलेले साडेअकरा महिने हाडे खिळखिळी करून घ्यायची, असा हा सौदा आहे.

डोलणे थांबवण्याचे काम स्प्रिंगचे नाही, शॉक ॲब्सॉर्बरचे आहे. स्प्रिंग ऊर्जा साठवते आणि परत देते. शॉक ॲब्सॉर्बर ती तेलाच्या घर्षणात उष्णता करून संपवतो. स्प्रिंग कडक आणि भार जड झाला, पण शॉक ॲब्सॉर्बर तोच ठेवला, तर तो तोकडा पडतो. आपल्या आकड्यांत मांडायचे तर, रिकाम्या कारचे एक आंदोलन संपल्यावर मूळ झोल्याचा सुमारे १४ टक्के भाग उरत असेल, तर जड भार आणि कडक स्प्रिंगांवर तो सुमारे २७ टक्के उरतो. म्हणून स्प्रिंगा बदलताना शॉक ॲब्सॉर्बर तपासले नाहीत तर काम अर्धवट राहते.

हवेची स्प्रिंग

या सौद्यातून सुटण्याचा एक चांगला मार्ग म्हणजे हवा. गुंडाळीच्या आत रबरी पिशवी बसवतात आणि गरजेप्रमाणे हवा भरतात. ८ सेंटिमीटर व्यासाच्या पिशवीचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर. वाढलेल्या भाराचा अर्धा वाटा, ९५० न्यूटन, एका पिशवीने पूर्ण उचलायचा तर वातावरणापेक्षा १.९ बार जास्त दाब पुरतो. कारच्या टायरमध्येही साधारण एवढाच दाब असतो. कॅरव्हान सोडली की पिशवीतली बरीचशी हवा काढून टाकायची. कार पुन्हा पूर्वीसारखी.

हवेचा आणखी एक गुण आहे. भार वाढल्यावर उंची तीच ठेवायला दाब वाढवावा लागतो, आणि दाब वाढला की हवेची स्प्रिंग आपोआप कडकही होते. भार आणि कडकपणा बरोबरीने वाढत असल्याने डोलण्याची वारंवारता फारशी बदलत नाही. सिट्रोएन कंपनीने १९५५ साली आणलेल्या डीएस या कारमध्ये वायू आणि तेल यांच्या जोडीने हीच सोय चारही चाकांना होती. भार कितीही असो, कार आपली उंची आपण राखत असे. १९७० सालच्या रेंज रोव्हरमध्ये मागच्या आसाला स्वतःची उंची सावरणारे साधन होते.

पिशव्या बसवताना एक काळजी घ्यावी. डावी आणि उजवी पिशवी एकाच नळीने जोडली तर वळणावर बाहेरच्या, दबलेल्या पिशवीतली हवा आतल्या पिशवीत जाते आणि कार अधिकच कलते. म्हणून दोन्हींच्या नळ्या वेगळ्या असाव्यात.

जे स्प्रिंगला जमत नाही

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आपण हवा भरली, कार सपाट झाली. मग पुढच्या चाकांवरून गेलेले ३८ किलो परत आले का?

नाही. वरचे आघूर्णाचे गणित पुन्हा पाहा. त्यात भार आहेत, अंतरे आहेत. स्प्रिंगचा कडकपणा कोठेच नाही. चाकांवरचे भार तरफेच्या नियमाने ठरतात. स्प्रिंग फक्त एवढेच ठरवते, की तो भार घेताना कार किती वाकेल. कडक स्प्रिंगने लक्षण गेले, कारण राहिले. आणि हाच खरा धोका आहे. पूर्वी वाकलेली कार मालकाला सांगत होती की भार जास्त झाला. आता ती गप्प बसते.

हे वर्गात सहज दाखवता येते. स्वयंपाकघरातले दोन इलेक्ट्रॉनिक काटे घ्या. ४० सेंटिमीटरची लाकडी पट्टी दोन पेन्सिलींवर आडवी ठेवा. एक पेन्सिल पहिल्या काट्यावर पट्टीच्या ० या खुणेखाली, दुसरी दुसऱ्या काट्यावर २६ या खुणेखाली. पट्टीच्या मध्यावर साबणाच्या दोनतीन वड्या ठेवा. ही झाली कार. दोन्ही काटे शून्यावर आणा. आता ३६ या खुणेवर ७५ ग्रॅमचे वजन ठेवा. मागचा काटा सुमारे १०४ ग्रॅम दाखवेल, पुढचा उणे २९. मग मागच्या पेन्सिलीखाली मऊ स्पंज ठेवून तोच प्रयोग करा. पट्टी डोळ्यांना दिसेल इतकी खाली जाईल, पण आकडे जवळजवळ तेच राहतील. स्पंजाऐवजी कडक खोडरबर ठेवा. पट्टी सरळ, आकडे तेच. आकडे काय येतील हे मुलांना आधी वहीत लिहायला सांगावे. पुष्कळजण चुकतात, आणि त्यातूनच चर्चा रंगते.

पुढच्या चाकांना भार परत द्यायचा तर बाहेरून उलटे आघूर्ण लावावे लागते. अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात वापरली जाणारी एक जोडणी हेच करते. गोळ्यापासून मागे जाणारे दोन लवचिक पोलादी दांडे साखळीने कॅरव्हानच्या दांड्याकडे ताणून बांधतात. हातगाडीच्या मुठी वर उचलल्या की गाडीचा भार पुढच्या चाकावर ढकलला जातो, तसे हे दांडे भाराचा काही भाग कारच्या पुढच्या चाकांवर आणि काही कॅरव्हानच्या चाकांवर ढकलतात.

दुसरी न जमणारी गोष्ट म्हणजे भारक्षमता. कारच्या पाटीवर कंपनीने चार कमाल वजने दिलेली असतात: एकट्या कारचे, कार व ओढलेले वाहन मिळून, पुढच्या आसावरचे आणि मागच्या आसावरचे. मागच्या आसाची मर्यादा बेअरिंग, टायर, ब्रेक, सांगाडा या सर्वांवरून ठरते. त्यांतली एकटी स्प्रिंग बदलून बाकीच्यांची ताकद वाढत नाही.

तिसरी गोष्ट वळणाची. मागचाच भाग फार कडक केला तर वळणावर कलण्याचा विरोध मुख्यतः मागची चाके करतात, बाहेरच्या मागच्या चाकावर अतिरेकी भार येतो आणि शेपटी बाहेर घसरण्याची प्रवृत्ती वाढते. म्हणजे जास्त कडक ते जास्त सुरक्षित, हे खरे नाही.

नागमोडी डोलणे

कॅरव्हानवाल्यांना सर्वांत भीती असते ती मागची गाडी डावीउजवीकडे सापासारखी वळवळू लागण्याची. कमी वेगात असा डोल आपोआप शमतो. पण प्रत्येक जोडीचा एक निर्णायक वेग असतो; त्यापलीकडे प्रत्येक झोला आधीच्यापेक्षा मोठा होत जातो आणि शेवटी दोन्ही वाहने उलटू शकतात. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात यावर प्रत्यक्ष प्रयोग झाले. त्यांचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. नाकभार, आसाची जागा आणि कॅरव्हानमधले वस्तुमान कसे पसरले आहे, या गोष्टी महत्त्वाच्या ठरल्या.

शेवटचा मुद्दा समजून घेण्यासारखा आहे. २० किलोच्या दोन वस्तू आसापासून २ मीटरवर, एक पुढे व एक मागे ठेवल्या तर नाकभार बदलत नाही. पण त्यांचे जडत्व-आघूर्ण १६० एकक होते. त्याच वस्तू अर्ध्या मीटरवर आणल्या की ते फक्त १० उरते. सोळा पटींचा फरक! टोकांना वजन असलेली गाडी डंबेलसारखी एकदा वळू लागली की थांबवणे कठीण. म्हणून जड सामान आसाजवळ आणि तळाशी ठेवायचे. डोल सुरू झालाच तर ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढून वेग उतरू द्यावा. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून झगडू नये. ब्रिटनमध्ये कॅरव्हान ओढणाऱ्या कारला मोटरवेवरही ताशी ६० मैलांची, म्हणजे सुमारे ९६ किलोमीटरची मर्यादा आहे, ती उगाच नाही.

मग करावे काय?

क्रम असा असावा. आधी वजन करावे: कॅरव्हानचे, नाकभाराचे, आणि शक्य असेल तर कारच्या दोन्ही आसांवरचे वेगवेगळे. मग सामानाची जागा बदलावी. आसाच्या ४ मीटर पुढे गोळा असेल, तर आसापुढे ३ मीटरवर ठेवलेले २० किलोचे गॅसचे नळकांडे एकटेच १५ किलो नाकभार टाकते. कारमधले जड सामान डिकीतून काढून कॅरव्हानच्या आसावर ठेवणे जमत असेल तर ठेवावे. मात्र कॅरव्हानची वजनमर्यादा ओलांडू नये. नंतर टायरमध्ये कंपनीने भरलेल्या कारसाठी सांगितलेला दाब भरावा. बसलेल्या स्प्रिंगा आणि थकलेले शॉक ॲब्सॉर्बर बदलावेत. एवढे करूनही, सर्व मर्यादा पाळूनही, कार वाकत असेल, तर मग हवेच्या पिशव्या किंवा दुसरे साधन बसवावे, आणि शेवटी दिव्यांचा झोत तपासावा.

आपल्याकडे कॅरव्हान क्वचितच दिसते. पण उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या वाटेवर उभे राहिले, की ट्रॉलींच्या ओझ्याने पुढची चाके रस्त्यावरून उचललेला ट्रॅक्टर पाहायला मिळतो. त्या क्षणी चालकाच्या हातातले स्टिअरिंग नावापुरतेच उरलेले असते. मागच्या मोठ्या चाकांचा भक्कमपणा तेथे उपयोगी पडत नाही. कारण उणीव मागच्या ताकदीची नसून पुढच्या भाराची आहे. ट्रॅक्टरला मागे स्प्रिंगा नसतात, म्हणून ही गोष्ट उघड दिसते. मागच्या स्प्रिंगा कडक केलेल्या कारमध्ये ती झाकली जाते, एवढाच फरक. विद्यार्थ्यांना ट्रॅक्टरची आकृती काढून, ट्रॉलीच्या दांड्याचा किती भार आला तर पुढची चाके अगदी उचलण्याच्या बेतात येतील, हे गणित घालून पाहावे. ट्रॅक्टरचे वजन, दोन आसांमधील अंतर आणि गुरुत्वमध्याची जागा एवढी माहिती दिली की उत्तर निघते.